ध्वनीचा खलिता

देवळातील घंटेचा टोल कानी पडला, असे आपण सहज म्हणतो. परंतु कानी पडलेला तो टोल मेंदूच्या दरबारी रुजू होण्यापूर्वी त्यास एक अशी खाडी ओलांडावी लागते, की जिच्यावर पूल नाही आणि जिची रुंदी मिलिमीटरच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढीच आहे. पेशीपेशींमधील अशा संधीस शेरिंग्टन या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने १८९७ साली ‘सिनॅप्स’ हे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दात कवटाळण्याचा भाव असला, तरी येथे उभयतांचा स्पर्शही होत नाही.

शंखाकृती कर्णावर्तात सुमारे ३,५०० आंतर केशपेशी तैनात असतात. ध्वनीच्या लाटेने त्यांचे सूक्ष्म केस झुकले की पेशीतील विद्युत्-दाब बदलतो, तळाशी कॅल्शियमची द्वारे उघडतात, आणि ग्लुटामेट या रसायनाने भरलेल्या पुटिका खाडीत रित्या होतात. पैलतीरावरील ज्ञानतंतू ते रसायन टिपून पुन्हा विद्युत्-लहरीच्या रूपाने खलिता पुढे रवाना करतो. एकेका पेशीच्या तळाशी असे दहा-वीस धक्के असतात. कानास फुरसत ठाऊक नसल्यामुळे प्रत्येक धक्क्यावर एक फीतवजा रचना असून तिच्याभोवती भरलेल्या पुटिका सदैव सज्ज असतात. अशीच फीत डोळ्यातील प्रकाशग्राही पेशींतही आढळते. मात्र त्या अंधारात ग्लुटामेट अखंड सांडीत राहतात आणि उजेड पडताच हात आखडता घेतात, म्हणजे प्रकाशाची वर्दी तेथे मौनाने दिली जाते.

श्रवणदोषाचे मूळ केशपेशींच्या नाशात आहे, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. २००९ साली कुजावा आणि लिबरमन या अमेरिकन संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांत दाखवून दिले की, प्रचंड आवाजानंतर ऐकण्याची क्षमता चाचणीपुरती पूर्ववत् झाली आणि केशपेशी शाबूत राहिल्या, तरी कर्णावर्ताच्या काही भागातील जवळजवळ निम्मे सिनॅप्स कायमचे नाहीसे झालेले असतात. माणसांतही असेच घडत असावे, असा तज्ज्ञांचा कयास आहे. शांत खोलीत एखादा सूर ऐकू आला की नाही, एवढे ठरविण्यास थोडे धक्के चालू असले तरी भागते. लग्नमंडपाच्या गलबल्यातून शेजारी बसलेल्या आप्ताचा शब्द वेगळा निवडून घेण्यास मात्र सारे धक्के जागे असावे लागतात.