पूररेषा सरकते, भुर्दंड कोणाला?

नदीकाठच्या शहरात घर घेणारा मध्यमवर्गीय माणूस मिळकतपत्रिका पाहतो, नगरपालिकेचा परवाना पाहतो, कर्जाचा हप्ता मोजतो. पूररेषेचा नकाशा मात्र सहसा पाहत नाही. पुढे महापूर येतो, नव्याने सर्वेक्षण होते आणि कालपर्यंत बाहेर असलेले त्याचे घर रेषेच्या आत जाते. कर्जाचा हप्ता तोच राहतो, पण घराला गिऱ्हाईक मिळेनासे होते. चिपळुणात २०२१ च्या महापुरानंतर आखलेल्या पूररेषांना नागरिकांनी विरोध केला, त्यामागे हीच धास्ती होती.

महाराष्ट्रात या रेषा दोन आहेत. सरासरीने पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत नवे घर बांधण्यास मनाई आहे. दोन रेषांच्या दरम्यान बांधावयाचे झाल्यास जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंच घ्यावे लागते. भराव, दगड, सिमेंट या सर्वांचा खर्च अर्थातच मालकाच्या माथी बसतो.

‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांनी पुष्कळांची फसगत होते. त्याचा खरा अर्थ दर वर्षी शेकडा एक इतका संभव, असा आहे. तीस वर्षे फेडावयाच्या कर्जाच्या मुदतीत असा पूर निदान एकदा येण्याचा संभव शेकडा २६ होतो. निळ्या रेषेपर्यंतच्या पुराबाबत तो शेकडा ७० वर जातो. कोल्हापुरास राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०१९ व २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या पलीकडे गेले. तेव्हा नकाशा धोका निर्माण करतो, असे म्हणता येणार नाही. आजवर लपलेला खर्च तो केवळ उघडा करतो.

प्रश्न आहे तो हा खर्च कोणी सोसावा याचा. पात्रात भराव पडत असताना डोळेझाक झाली, विकसकाने नफा घेतला, नगरपालिकेने शुल्क घेऊन परवाना दिला. भुर्दंड मात्र शेवटच्या खरेदीदारावर पडतो. यास न्याय म्हणता येत नाही.

या संदर्भात अमेरिकेचा अनुभव उद्बोधक आहे. तेथे १९६८ पासून सरकारी पूरविमा योजना आहे. १९७३ च्या कायद्यान्वये धोक्याच्या क्षेत्रातील घरावर सरकारी नियंत्रणाखालील बँकेचे कर्ज असल्यास हा विमा सक्तीचा असतो. साहजिकच सुधारित नकाशात घर त्या क्षेत्रात आले, की विम्याचा हप्ता संसारखर्चात येऊन पडतो. २०१२ साली सवलती काढून धोक्याच्या प्रमाणात हप्ता घेण्याचा कायदा झाला. पण घरमालकांनी एवढा गहजब केला की २०१४ साली सरकारला बरेचसे माघारी फिरावे लागले. २०२१ पासून हप्ता प्रत्येक घराच्या धोक्यानुसार ठरतो. विम्याची सक्ती मात्र अजूनही नकाशावरच अवलंबून आहे.

यातून घ्यावयाचा बोध असा, की नकाशा आणि मदत या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. रहिवाशांच्या कळवळ्यापोटी रेषा नदीकडे ढकलणे ही दया नव्हे. पाणी त्या रेषेला जुमानणार नाही. रेषा शास्त्राने आखावी, दया तिजोरीतून करावी. परवाना घेऊन बांधलेल्या जुन्या घरांना जोते उंचावण्यासाठी अल्प व्याजाचे कर्ज द्यावे, कमी उत्पन्नाच्या कुटुंबांच्या विमाहप्त्याचा काही भार शासनाने उचलावा आणि विक्रीच्या दस्तात पूररेषेचा उल्लेख सक्तीचा करावा. पहिल्या दोन उपायांना पैसा लागेल, हे खरे. परंतु प्रत्येक महापुरानंतर सानुग्रह अनुदान, पंचनामे व पुनर्वसन यांवर तिजोरीतून पैसा जातोच. तोच थोडा आधी आणि विचारपूर्वक खर्च करावा, एवढेच मागणे आहे.