मातृत्वावर लिहिणाऱ्या डॉ. आनंदीबाई जोशी

मातृत्वावर स्त्रियांनी स्वतः केलेल्या लेखनाचा मागोवा घेताना डॉ. आनंदीबाई जोशी यांचा प्रबंध अग्रभागी ठेवावा लागतो. कारण वयाच्या चौदाव्या वर्षी झालेला त्यांचा मुलगा वैद्यकीय उपचारांअभावी अवघ्या दहा दिवसांत दगावला होता, आणि पुढे फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी प्रबंधासाठी निवडले ते आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र, म्हणजे गर्भारपण, बाळंतपण आणि त्यानंतरच्या शुश्रूषेची विद्या. आयुर्वेदातील ग्रंथ आणि अमेरिकी पाठ्यपुस्तके या दोहोंचा आधार घेणारे हे लेखन त्या काळात खरोखर असामान्य होते. १८८६ मध्ये त्यांना एम. डी. पदवी मिळाली, कोल्हापूरच्या रुग्णालयातील स्त्रीकक्षाची जबाबदारीही त्यांच्याकडे येणार होती, परंतु क्षयाने खंगून २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्या पुण्यात निवर्तल्या.