टर्बोच्या गाडीचा जोर कमी झाला? आधी धूर बघा



माल भरलेल्या गाडीला चढावर धाप लागली, की लगेच डिझेल पंप उघडायला देऊ नका. पुष्कळदा दुखणं पंपात नसतं, हवेत असतं. टर्बो इंजिनात जादा हवा दाबून भरतो. ती कमी पडली, की डिझेल अर्धवट जळतं.

काळा धूर : एअर क्लीनर धुळीनं चोंदला का, ते बघा. मग टर्बोपासून इंजिनाकडे जाणारा रबरी होज तपासा. चीर, ढिली क्लिप किंवा तेलाचा ओघळ दिसला तर हवा तिथूनच निसटते. चालवताना 'फुस्स' आवाज येतो, तो याचाच.

धूर नाही, जोरही नाही : डिझेल कमी पोचतंय. फिल्टरमधलं पाणी काढा, फिल्टर बदला.

निळा धूर : ऑइल जळतंय. टर्बोचं सील किंवा इंजिनाच्या रिंगा गेल्या असतील. गाडी दामटू नका, मेकॅनिकला दाखवा.

हात लावायचा तो इंजिन बंद करून, गार झाल्यावरच.

आणि एक सवय लावून घ्या. ओढीचं काम संपलं, की इंजिन दोन मिनिटं सावकाश चालू ठेवा, मगच बंद करा. एकदम बंद केलं, तर तापलेल्या टर्बोत ऑइल करपतं आणि बेअरिंग जातं.