कॉम्प्युटर पदवीधरांचे पगार आणि महाविद्यालयाची निवड

सीईटीचे पर्सेंटाइल हाती आले की घरोघरी एकच विषय निघतो : कॉम्प्युटरला प्रवेश कोठे घ्यावा? तीन वर्षांपूर्वी माझ्या पुतणीच्या वेळी आमच्याही घरी हाच प्रश्न उभा राहिला. धाकटा भाऊ अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे. इंजिनिअरिंगला जाणारी घरातील ही पहिलीच मुलगी. त्याने एका महाविद्यालयाचे गुळगुळीत माहितीपत्रक माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाला, "दादा, सरासरी पॅकेज सात लाख लिहिलंय. संस्थेच्या कोट्यातून जागा मिळतेय. कर्ज काढू का?"

मी कला शाखेचा पदवीधर. कॉम्प्युटरची भाषा मला येत नाही. परंतु बँकेच्या काउंटरवर वीस वर्षे काढल्यामुळे छापलेला आकडा आणि हातात पडणारा आकडा यांतील अंतर मात्र कळते. त्या पंधरा दिवसांत जे उमगले ते विद्यार्थी व पालकांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे मांडतो.

प्रथम 'सरासरी'चे पाहू. दहा मुलांना नोकरी लागली. नऊ जणांना साडेतीन लाख आणि एकाला चाळीस लाख. सरासरी निघते सात लाख पंधरा हजार. प्रत्यक्षात त्या वर्गात सात लाखांची नोकरी एकालाही लागलेली नाही! म्हणून सरासरी न विचारता मध्यक विचारावा. पगार चढत्या क्रमाने मांडले असता अगदी मधल्या विद्यार्थ्याला काय मिळाले, तो हा आकडा. येथे तो साडेतीन लाख येतो. 'सर्वोच्च पॅकेज' तर सोडूनच द्यावे. एका मुलाच्या कर्तृत्वावर साठ मुलांची फी गोळा करण्याचा तो प्रकार आहे.

मध्यकातही एक मेख आहे. तो फक्त नोकरी लागलेल्यांचा असतो. समजा, एका महाविद्यालयात साठापैकी वीस जणांना नोकरी लागली व मध्यक सहा लाख आहे. दुसऱ्यात साठापैकी पन्नास जणांना लागली व मध्यक साडेचार लाख आहे. कागदावर पहिले सरस दिसते. पण सगळा वर्ग रांगेत उभा केला, तर पहिल्या महाविद्यालयातील मधल्या मुलाच्या हाती शून्य येते आणि दुसऱ्यातील मधल्याला साडेचार लाखांहून थोडेसेच कमी मिळतात. पुढील शिक्षणास गेलेली मुले अर्थातच वेगळी मोजावीत. तसेच 'तीनशे ऑफर्स' म्हणजे तीनशे विद्यार्थी नव्हेत. एकाच हुशार मुलीच्या हाती तीन पत्रे असू शकतात. शिवाय पत्र मिळाले म्हणजे नोकरी लागली असेही नाही. २०२२-२३ च्या सुमारास पत्र हाती असूनही रुजू होण्याची तारीख न आल्याने कितीतरी मुले महिनोन्महिने घरी बसून होती.

आता पॅकेज या शब्दाविषयी. यात मालकाचा भविष्यनिर्वाह निधीचा हिस्सा, ग्रॅच्युइटी, विम्याचा हप्ता, कामगिरीवर अवलंबून असणारी रक्कम, सारे धरलेले असते. मोठ्या पॅकेजमध्ये चार वर्षांत थोडे थोडे मिळणारे शेअरही असतात. मोठ्या आयटी कंपन्यांमध्ये नवख्यांची सुरुवात दहा-बारा वर्षे तीन ते साडेतीन लाखांच्या आसपासच रेंगाळली. साडेतीन लाखांचे महिन्याला एकोणतीस हजार होतात खरे, पण खात्यात बावीस-चोवीस हजारच जमा होतात. त्यातून पुण्यात खोलीचे भाडे आणि मेस. सहा लाखांचे शैक्षणिक कर्ज दहा टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडायचे तर हप्ता बसतो सुमारे ७,९३० रुपये, आणि शिक्षणाच्या काळात साचलेले व्याज त्याहून वेगळे. भावाला मी हा हिशेब पासबुकाच्या पाठीमागे लिहून दाखविला.

मग खरे आकडे कोठे मिळतात? केंद्र सरकारच्या एनआयआरएफ या क्रमवारीची पहिली यादी २०१६ मध्ये निघाली. तिच्यासाठी महाविद्यालये किती विद्यार्थी घेतले, किती वेळेत उत्तीर्ण झाले, किती नोकरीला व किती पुढील शिक्षणाला गेले आणि पगाराचा मध्यक किती, हे कळवितात. ही माहिती कोणालाही पाहता येते. ती महाविद्यालयांनीच भरलेली असते हे खरे, तरी माहितीपत्रकापेक्षा बरी. मात्र तेथे चार वर्षांच्या पदवीच्या सर्व शाखा एकत्र असतात. पुण्याच्या सीओईपीत (स्थापना १८५४) सिव्हिल, मेकॅनिकल, मेटलर्जी अशा जुन्या शाखा आहेत. पीआयसीटीत मुख्यतः कॉम्प्युटर, आयटी आणि इलेक्ट्रॉनिक्स. या दोहोंचे एकत्रित मध्यक शेजारी ठेवून सीओईपीचे कॉम्प्युटर कमी की जास्त हे सांगता येत नाही. शाखेचा आकडा प्लेसमेंट अधिकाऱ्याकडेच लेखी मागावा लागतो. देण्यास जो टाळाटाळ करतो त्याचे उत्तर तेथेच मिळाले असे समजावे.

याहून अवघड प्रश्न पुढे आहे. नव्याण्णव पर्सेंटाइलची मुले जेथे जातात तेथे पगार चांगले असणारच. मग ते श्रेय महाविद्यालयाचे की मुलांचे? अमेरिकेत स्टेसी डेल आणि अॅलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी १९७६ साली महाविद्यालयात शिरलेल्या विद्यार्थ्यांच्या पुढील मिळकतीचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. सारख्याच नामांकित महाविद्यालयांत अर्ज केलेल्या सारख्या गुणवत्तेच्या विद्यार्थ्यांत, अधिक नामांकित ठिकाणी गेलेल्यांची मिळकत इतरांहून फारशी जास्त आढळली नाही. परंतु गरीब कुटुंबांतील मुलांना त्याचा फायदा दिसला, आणि पुढच्या अभ्यासात कृष्णवर्णीय मुलांना व आईवडील कमी शिकलेले आहेत अशांनाही. ज्याचा काका-मामा कंपनीत नाही, त्याला महाविद्यालयातूनच ओळखी मिळतात, असे यातून मला वाटते. म्हणून आपल्या मुलांनी 'कॉलेज कोणतेही चालते' हे सुखवस्तू घरातल्यांचे बोल कानावर घेऊ नयेत. सीओईपी, व्हीजेटीआयसारख्या ठिकाणी नंबर लागत असेल तर नाशिक सोडून जावे. पुण्याचा खर्च झेपणार नाही म्हणून घाबरू नये. शासकीय वसतिगृह न मिळाल्यास अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. परंतु दोन मध्यम महाविद्यालयांतील एका लाखाच्या फरकासाठी कर्जबाजारी होणे मात्र मला पटत नाही.

आणखी एक गोष्ट, जी त्या रंगीत कागदावर कोठेच नव्हती. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून जागा घेतली तर भारत सरकारची शिष्यवृत्ती (उत्पन्न अडीच लाखांपर्यंत) किंवा त्यावर फ्रीशिप मिळते. संस्थेच्या कोट्यातील जागेला ती नाही. म्हणजे भाऊ ज्यासाठी कर्ज काढायला निघाला होता, ती फी भरण्याची मुळी गरजच नव्हती. तिसऱ्या फेरीपर्यंत थांबायचे होते, इतकेच. ते थांबणे फार कठीण गेले. वहिनी रोज विचारीत, "जागा गेली तर?"

तिसऱ्या फेरीत नाशिकातच नंबर लागला. महाविद्यालयाचे नाव फार मोठे नाही. मध्यक चार लाखांच्या आत आहे, पण वर्गातील बहुतेकांना नोकरी लागते आणि घरून बसने जाता येते. पुतणी आता शेवटच्या वर्षाला आहे. मागच्या महिन्यात पहिली कंपनी आली, तीत तिची निवड झाली नाही. दुसरी दिवाळीनंतर येणार आहे.

प्रवेशाच्या दिवसांत रविवारी सकाळी मी मंडळाच्या कार्यालयात असतो. माहितीपत्रके घेऊन अवश्य यावे. कर्जाचा अर्ज भरण्यापूर्वी आल्यास अधिक बरे.