सातबारा नावावर आहे, पण झोन कोणता?

नागपूरहून उमरेड, वर्धा, काटोल किंवा हिंगण्याच्या रस्त्याला लागले की शहर संपण्याआधीच प्लॉटच्या पाट्या सुरू होतात. 'एनएटीपी प्लॉट', 'फार्महाऊस प्लॉट', 'तात्काळ रजिस्ट्री', 'बँकेचे कर्ज उपलब्ध'. भाव असतो, हप्ता असतो, विमानतळापासूनचे अंतर असते. जमीन कोणत्या झोनमध्ये आहे, हे मात्र क्वचितच लिहिलेले असते. आणि घर बांधता येईल की नाही, ते त्याच एका गोष्टीवर ठरते.

गावाकडच्या जमिनीबद्दलचे बहुतेक गैरसमज एका ठिकाणाहून निघतात. जमीन कोणाची, हा एक प्रश्न आहे. त्या जमिनीवर काय करता येते, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर सातबारा, फेरफार, खरेदीखत यांत मिळते. दुसऱ्याचे उत्तर विकास योजनेच्या नकाशात असते. पहिल्या प्रश्नाचे कागद घट्ट असले की दुसऱ्याचे उत्तर आपोआप 'हो' असेल, असे आपण धरून चालतो. झोन मालकाला लागत नाही, जमिनीला लागतो. मालक बदलला, वारसांची नावे चढली, वाटणी झाली, तरी तो तोच राहतो.

"शहराच्या हद्दीबाहेर कसले आले नियम?"

नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे एनएमआरडीए, 2017 मध्ये स्थापन झाले. नागपूर ग्रामीण, हिंगणा, कामठी, मौदा आणि पारशिवनी हे तालुके आणि सावनेर, कळमेश्वर, उमरेड, कुही या तालुक्यांचे काही भाग त्याच्या क्षेत्रात येतात. ही सातशेहून अधिक गावे आहेत. या क्षेत्राची विकास योजना 2018 मध्ये मंजूर झाली. म्हणजे ज्याला आपण सहज 'खेडे' म्हणतो, त्यातल्या कित्येक वावरांवर आज निवासी, कृषी, औद्योगिक किंवा सार्वजनिक वापराचा रंग चढलेला आहे. एकाच धुऱ्याच्या अलीकडची जमीन निवासी आणि पलीकडची कृषी, असेही होते. शेजाऱ्याचा ले-आऊट मंजूर झाला म्हणून आपलाही होईल, हा हिशेब त्यामुळेच चुकतो.

डिसेंबर 2020 पासून मुंबई आणि काही वगळलेली क्षेत्रे सोडून राज्यभर एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. बांधकामाचे चटईक्षेत्र, रस्त्याची रुंदी, समोर आणि बाजूला सोडायची जागा, हे सगळे तीच ठरवते. प्राधिकरणाच्या क्षेत्राबाहेरच्या गावांसाठीही जिल्हाधिकारी कार्यालय आणि नगररचना विभागाची शाखा आहेच. नियमच नाहीत अशी जागा जिल्ह्यात शोधून सापडणार नाही.

"ग्रामपंचायत टॅक्स घेते, म्हणजे घर कायदेशीर आहे"

या समजुतीने लोकांचे फार नुकसान केले आहे, म्हणून इथे थोडे थांबायला हवे.

ग्रामपंचायतीचा नमुना 8 ही कर आकारणीची नोंद आहे. गावात उभ्या असलेल्या घरावर कर बसतो. ते परवानगी घेऊन उभे आहे की न घेता, हे त्या नोंदीतून सिद्ध होत नाही. मालकीही सिद्ध होत नाही. महसूल खात्याचा गाव नमुना 8अ वेगळा. तो खातेदाराच्या नावावर गावात एकूण किती जमीन आहे ते सांगतो. नावे जवळजवळ सारखी असल्याने व्यवहारात एकाच्या जागी दुसरा दाखवला जातो आणि घेणारा समाधानाने मान हलवतो.

सरपंचाच्या सहीचे 'ना हरकत' हीसुद्धा अशीच अर्धी गोष्ट आहे. ग्रामपंचायतीला बांधकामाबाबत काहीच अधिकार नाहीत, असे मुळीच नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 52 मध्ये तो अधिकार आहे. 2021 मध्ये ग्रामविकास विभागाने ग्रामीण भागातल्या छोट्या घरांसाठी प्रक्रिया सोपीही केली. सुमारे 1,600 चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडासाठी मालकीचा कागद, नकाशा आणि नियमावलीप्रमाणे आराखडा असल्याचा परवानाधारक अभियंत्याचा किंवा वास्तुविशारदाचा दाखला ग्रामपंचायतीत देऊन व शुल्क भरून काम सुरू करता येते. त्यापुढे 3,200 चौरस फुटांपर्यंत ग्रामपंचायत प्रारंभ प्रमाणपत्र देते. पण ही सवलत नियमावलीच्या आतली आहे. अभियंता जो दाखला देतो त्यात झोनही आलाच. कृषी झोनमधल्या ले-आऊटला ग्रामपंचायतीच्या ठरावाने निवासी करता येत नाही. आणि ज्या क्षेत्रासाठी एनएमआरडीए नियोजन प्राधिकरण आहे, तिथे ले-आऊटची मंजुरी प्राधिकरणाकडूनच यावी लागते.

गावठाणाच्या आतली गोष्ट थोडी वेगळी. एप्रिल 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन घरमालकांना मिळकत पत्रिका मिळू लागल्या. पिढ्यान्‌पिढ्या कागदाशिवाय राहिलेल्या कुटुंबांसाठी हे मोठे काम आहे. पण ही पत्रिका गावठाणातल्या मिळकतीची. गावाबाहेर वावरात पाडलेल्या प्लॉटला तिचा उपयोग नाही.

"एनए झाले की झाले"

अकृषिक परवानगी (एनए) हा महसुलाचा विषय आणि झोन हा नगररचनेचा. 'एनएटीपी' या नागपुरी शब्दात हे दोन्ही विषय एकत्र येतात, म्हणूनच जाहिरातीत तो इतका वापरला जातो. विकणाऱ्याला दोन गोष्टी विचाराव्यात: एनएचा आदेश कोणत्या तारखेचा, आणि मंजूर ले-आऊटचा नकाशा कुठे आहे? दोन्ही कागद वेगवेगळे दिसले पाहिजेत.

उलट बाजूचा गैरसमजही आहे. प्रत्येक जमिनीसाठी वर्षानुवर्षे एनएच्या फाईलमागे धावावे लागते, असे जुनी माणसे अजून सांगतात. 2014 पासून जमीन महसूल संहितेत 42अ, 42ब, 42क, 42ड अशी कलमे येत गेली आणि हे चित्र बरेच बदलले. विकास योजनेत निवासी दाखवलेल्या जमिनीला रूपांतरणाचा कर आणि लागू असेल तर नजराणा भरला की अकृषिक मानले जाऊ लागले. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतल्या जमिनींसाठीही तशी तरतूद झाली. एप्रिल 2022 मध्ये महसूल विभागाने अशा जमिनींना वेगळी परवानगी न मागता सनद देण्याच्या सूचना दिल्या. पण 200 मीटर मोजायचे ते भूमी अभिलेख खात्याच्या नकाशावरून. शेवटच्या घराच्या भिंतीपासून पावले टाकून नव्हे. आणि त्या जागी योजनेने जो वापर ठरवला आहे, त्याच्या चौकटीतच ही सवलत चालते. हस्तांतरणावर बंधन असलेली भोगवटादार वर्ग 2 ची जमीन असेल तर आधी तिच्या अटी पाहाव्या लागतात.

"शेतात फार्महाऊस बांधायला कोण अडवतो?"

काटोल रोडला, कळमेश्वरकडे आणि पेंचच्या वाटेवर पाच-दहा हजार चौरस फुटांचे 'फार्महाऊस प्लॉट' विकले जातात. कायद्यातली शेतघराची कल्पना अगदी साधी आहे: औजारे, खत, धान्य ठेवणे, गुरे बांधणे, कसणाऱ्या कुटुंबाने आणि गड्यांनी राहणे. जमीन महसूल संहितेच्या कलम 41 प्रमाणे किमान 0.4 हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर जमीन असल्याशिवाय शेतघराला जागाच नाही. एकरभराच्या आसपासच्या धारणेवर एकच शेतघर आणि तेही 150 चौरस मीटर जोत्याच्या आत, म्हणजे सुमारे 1,600 चौरस फूट. दहा हजार चौरस फूट हे एकराच्या चौथाईइतकेही नाही. त्या तुकड्यावर नियमाने शेतघर होऊच शकत नाही, मग पाटीवर काहीही लिहिलेले असो.

त्याआधीचा अडथळा तर अनेकांना माहीतच नसतो. विदर्भात शेतजमिनीला 1958 चा विदर्भ प्रदेशासाठीचा वेगळा कुळवहिवाट कायदा लागू आहे. त्याच्या कलम 89 प्रमाणे शेतकरी नसलेल्या माणसाला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. ज्याच्या घराण्यात कधी सातबारा नव्हता, त्याने 'शेतीच्या प्लॉट'वर सही करण्याआधी हे कलम कुणाकडून तरी समजून घ्यावे.

"रजिस्ट्री झाली म्हणजे सरकारने मान्य केले"

दुय्यम निबंधक दस्त नोंदवतात. तिथे बांधकामाची परवानगी मिळत नाही. शेतजमिनीचे लहान तुकडे पाडण्यावर 1947 च्या तुकडेबंदी कायद्याने बंधन आहे. 2023 च्या अधिसूचनेने राज्याच्या बहुतेक भागात प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीसाठी 20 गुंठे आणि बागायतीसाठी 10 गुंठे ठरले. त्यातून वाट काढण्यासाठी एका एकराच्या सातबाऱ्यावर पंधरा-वीस जणांची नावे अविभक्त हिश्शाने चढवली जातात. कागदावर सगळे मालक, पण कुणाचा तुकडा कोणता ते ठरलेलेच नाही. पहिला माणूस कुंपण घालतो, दुसरा मोजणी मागतो आणि भांडण उभे राहते. यात फसतात ते निवृत्तीचे पैसे गुंतवणारे, शेती विकून शहराजवळ यायला निघालेले लोक. याचा राग यायलाच हवा.

राज्य सरकारने 2024 मध्ये अशा तुकड्यांच्या नियमितीकरणाचे शुल्क 25 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आणले. 2025 मध्ये योजनेत अकृषिक वापर दाखवलेल्या क्षेत्रांतल्या जुन्या व्यवहारांना आणखी दिलासा दिला. नागपूरकरांना '1900' आणि '572' या अनधिकृत ले-आऊटचा इतिहास ठाऊक आहे. नियमितीकरणाच्या आरएल लेटरसाठी नागपूर सुधार प्रन्यासच्या पायऱ्या झिजवलेली माणसे प्रत्येक मोहल्ल्यात भेटतात. त्या अनुभवावरून 'आज ना उद्या सगळेच नियमित होते' असा निष्कर्ष काढला जातो. पण असे ले-आऊट नियमित करणाऱ्या गुंठेवारी कायद्याला तारखेची अट आहे. मूळ 2001 ची, ती 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंत आली. आज पाडलेला प्लॉट त्यात बसत नाही. शिवाय तुकड्याचा व्यवहार नियमित झाला, तरी कृषी झोन तसाच राहतो.

"पडीक, झुडपांची जमीन आहे, तिला काय होते?"

ही नागपूर विभागाची खास गोष्ट. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत महसुली कागदांवर 'झुडपी जंगल' अशा नोंदीच्या जमिनी आहेत. पाहणाऱ्याला तिथे बोरी-बाभळीशिवाय काही दिसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 22 मे 2025 च्या निकालात या जमिनी वन संवर्धन कायद्यासाठी वनच मानायच्या, असे सांगितले. 12 डिसेंबर 1996 पर्यंत सक्षम अधिकाऱ्यांनी ज्या दिल्या होत्या, त्यांच्यासाठी वेगळा मार्ग ठेवला. म्हणून विदर्भात नुसता चालू सातबारा पाहून भागत नाही. जुने सातबारे, निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज पटवाऱ्याकडून किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढून वाचावेत. गावाची गुरचरण, पांधण, सरणाची जागा कुठे होती, हे त्यांतच लिहिलेले असते. वावरातून जाणारी पांधण ले-आऊटचा रस्ता म्हणून दाखवलेली असेल, तर तेही तिथेच उघडे पडते.

"आरक्षण पडले, जमीन गेली"

शाळा, मैदान, रुंद रस्ता असे आरक्षण नकाशात दिसले की अनेक शेतकरी हबकून मिळेल त्या भावात जमीन विकतात. आरक्षणाने मालकी जात नाही. जागेचा मोबदला पैशांत, चटईक्षेत्रात किंवा विकास हक्कांत द्यावा लागतो. तोवर आरक्षणाविरुद्ध बांधकाम करता येत नाही, एवढेच. आणि ही प्रतीक्षा अमर्याद नाही. प्रादेशिक व नगररचना अधिनियमाचे कलम 127 सांगते की अंतिम योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालकाला खरेदीची नोटीस देता येते. नोटिशीनंतर 24 महिन्यांत जमीन घेतली नाही किंवा घेण्याची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते. एनएमआरडीएची योजना 2018 मध्ये मंजूर झाली. म्हणजे मौदा, हिंगणा, कामठीकडच्या ज्या शेतकऱ्यांच्या जमिनीवर त्या योजनेतून आरक्षण आले, त्यांचा नोटिशीचा हक्क 2028 मध्ये उघडू लागेल. त्यासाठी झोन दाखला, भाग नकाशा, मालकीचे कागद आणि मोजणीची 'क' प्रत आतापासून जमवून ठेवता येते. ही नोटीस मालकाने किंवा हितसंबंध असलेल्या व्यक्तीने द्यायची असते. त्याआधी घाईने वावर विकणारा हा हक्कही त्याच भावात देऊन टाकतो.