सरस : सुटू शकणारा सांधा

मागच्या व्याख्यानात आपण न्यायशास्त्रातली तीन कारणं पाहिली. समवायी, असमवायी आणि निमित्त. त्यातलं मधलं, असमवायी कारण, बऱ्याच जणांच्या गळी उतरलं नाही, असं तुमच्या प्रश्नांवरून दिसलं. म्हणून आज आम्ही जरा आडवाटेनं जाणार आहोत. आजचा विषय आहे सरस. सुताराच्या भांड्यातला, वास मारणारा सरस.

फेव्हिकॉल बाजारात आला १९५९ साली. त्याआधी आपल्याकडे लाकूड लाकडाला चिकटवायचं म्हणजे सरसच. मिरजेत सतार-तंबोरे घडवायला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सुरुवात झाली. फरीदसाहेब आणि मोईनुद्दीन हे मूळचे शस्त्रं घडवणारे शिकलगार. संस्थानी काळात शस्त्रांची मागणी ओसरली आणि त्यांचे हात वाद्यांकडे वळले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते या परंपरेला.

आता तंबोरा म्हणजे काय? सोलापूरकडचा भोपळा, तुणीच्या लाकडाची दांडी, मध्ये गळा, वर तबली. हे सगळे तुकडे समोर मांडून ठेवले तर तंबोरा होतो का? नाही होत. तुकडे हे समवायी कारण. कारागीर आणि त्याची हत्यारं हे निमित्त कारण. आणि त्या तुकड्यांचा एकमेकांशी झालेला संयोग, तो असमवायी कारण. तो संयोग घडवतो कोण? सरस!

सरस होतो कातड्यापासून. कातडं, हाडं यांत कोलॅजन नावाचं प्रथिन असतं. या शब्दाचा ग्रीक अर्थच मुळी 'चिकटा निर्माण करणारा'. कातडं पाण्यात दीर्घकाळ तापवलं की ते प्रथिन सुटून पाण्यात येतं. ते वाळवलं की सरस. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लासा'त चित्रकामासाठी वज्रलेप सांगितलाय, तोही म्हशीच्या कातड्याचाच. इजिप्तमध्ये तर त्याच्याही दोन-अडीच हजार वर्षं आधी सरसानं लाकडाचे पापुद्रे चिकटवत होते.

वापरायची रीत साधी, पण सवड न देणारी. सरसाचे दाणे आधी गार पाण्यात भिजत घालायचे. ते फुगले की भांडं दुसऱ्या गरम पाण्याच्या भांड्यात ठेवायचं. थेट विस्तवावर नाही. तपमान साठ अंशांच्या आसपास. उकळी फुटली की सरसाची ताकद गेलीच म्हणा. लाकडाचे तुकडेही कोमट करून ठेवायचे, कारण सरस थंड झाला की मिनिटाभरात त्याची जेली होते. सांधा आधी कोरडाच जुळवून बघायचा, मग सरस लावायचा, आणि लगेच दाबायचा. वाळताना सरस आक्रसतो आणि दोन्ही तुकड्यांना जवळ ओढतो. वाळल्यावर काचेसारखा कडक होतो.

हा कडकपणा गिटार बनवणाऱ्यांना फार मोलाचा वाटतो. पोलादी तारांच्या गिटारीत सहा तारांचा मिळून ताण साधारण सत्तर किलोच्या घरात जातो, आणि तो रात्रंदिवस चिकटवलेल्या ब्रिजला ओढत असतो. नेहमीचा पांढरा डिंक अशा सततच्या ताणाखाली, त्यातही उन्हानं तापल्यावर, हळूहळू सरकतो. वाळलेला सरस सरकत नाही. आवाज त्यामुळे गोड होतो की नाही, यावर वाद आहे. त्यात आपण पडायला नको.

आमच्या दृष्टीनं खरा मुद्दा पुढेच आहे. सरसाचा सांधा सोडवता येतो. थोडी ऊब, थोडा ओलावा, पातळ पातं, आणि तुकडे इजा न होता वेगळे. व्हायोलिनची वरची फळी तर मुद्दाम पातळ केलेल्या सरसानं बसवतात. लाकूड आक्रसलं, ताण आला, तर आधी सांधा सुटावा आणि फळी वाचावी. शिवाय जुन्या सरसावर नवा सरस धरतो. पांढऱ्या डिंकाच्या अवशेषावर नवा डिंक नीट धरत नाही. खरवडत बसावं लागतं.

मोर्शीकरांना हा फरक संत्र्याच्या बागेतून लगेच कळेल. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधला की पहिले काही दिवस तो नुसता टेकलेला असतो. पट्टी सोडली तर सुटतो. हा संयोग. पुढे डोळा फुटला, झाड वाढलं, की वेगळं करायचा प्रश्नच नाही, कापावंच लागतं. तार्किकांच्या काटेकोर अर्थानं तो समवाय नव्हे, पण न सुटणाऱ्या नात्याची कल्पना त्यावरून येते. आजचे काही रासायनिक चिकटे लाकडाच्या बाबतीत हेच करू बघतात. खुर्चीला ते ठीक. शंभर वर्षं वाजावं अशी ज्याच्याकडून अपेक्षा आहे, त्या वाद्याला नाही. कारण जे उघडता येत नाही, ते दुरुस्त करता येत नाही.

इथे एक शंका निघेल. न्यायमतानं अवयवांचा संयोग नष्ट झाला की अवयवी नष्ट होतो. मग उघडून पुन्हा जोडलेला तंबोरा नवा म्हणायचा की जुनाच? कडक नैयायिक म्हणेल, नवा. गवई म्हणेल, माझ्या गुरूंचा तोच तंबोरा. आम्ही आयुष्यभर नैयायिकाची बाजू शिकवली. इथे मात्र आम्ही गवयाच्या बाजूला उभे आहोत. दुरुस्त होत होत टिकणं, हाही 'तेच' असण्याचा एक प्रकार आहे.

आणि एक शेवटची गोष्ट, जी बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. ज्यांनी मेलेलं जनावर ओढून नेलं, कातडं सोललं, त्यांना आपल्या समाजानं देवळाच्या पायरीवर येऊ दिलं नाही. त्याच देवळात सरसानं जोडलेले तंबोरे वाजत होते, चामड्यानं मढवलेला मृदंग वाजत होता. सोवळं सगळं स्वरात, आणि स्वर उभा कशावर, तर कातड्यावर! वस्तूतलं असमवायी कारण आपण विसरलो, तसंच समाजातलंही विसरलो. तुकडे दिसतात, घडवणारा दिसतो. जोडणारा दिसत नाही.

पुढच्या वेळी अवयवी खरा की भासमान, या वादात बौद्ध काय म्हणतात ते बघू. तोवर घरातली एखादी जुनी पेटी, जुनी खुर्ची उलटी करून तिचे सांधे बघून या. प्रश्न तिथूनच सुचतील.