पाच किलोवॉटची शिस्त

संपादकांना स्कॉटलंडच्या एग बेटावरच्या ‘फुकटच्या विजे’वर लेख हवा होता. तिथली वीज फुकट नाही. सुरुवातीला तर ती मुख्य भूमीपेक्षा महागच होती. तरी लोक खूश होते, कारण त्याआधी घराघरात डिझेल जनरेटर धडधडत.

बेटावर वस्ती शंभरेक माणसांची. रहिवाशांचा सहभाग असलेल्या न्यासाने 1997 मध्ये बेटच विकत घेतलं. समुद्राखालून केबल आणणं परवडणारं नव्हतं, म्हणून 1 फेब्रुवारी 2008 रोजी त्यांनी स्वतःचं मायक्रोग्रिड, म्हणजे बेटापुरतं वीजजाळं, सुरू केलं. तीन छोटी जलविद्युत केंद्रं (सर्वांत मोठं 100 किलोवॉटचं), 6 किलोवॉटच्या चार पवनचक्क्या, सौरपॅनेल आणि बॅटऱ्या.

मी अडकलो ते बॅटरीजवळच्या इन्व्हर्टरपाशी. मोठ्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी, म्हणजे वीजप्रवाहाची सेकंदाला होणारी आवर्तनं, अजस्र जनरेटरांच्या फिरण्यावर ठरते. इथे 50 हर्ट्झचा ठेका हा इन्व्हर्टर धरतो. बॅटऱ्या भरल्या, ओढा वाहतोच आहे, ऊनही आहे, मग वीज जाणार कुठे? अशा वेळी इन्व्हर्टर फ्रिक्वेन्सी किंचित चढवतो. निरोपासाठी वेगळी तार लागत नाही. दिंडीत मृदंगाची लय बदलली की कुणी न सांगता पावलं बदलतात, तसे सौरपॅनेलांचे इन्व्हर्टर आपलं उत्पादन आवरतात. जादा वीज सभागृह आणि चर्चमधल्या हीटरांत जिरवली जाते. चर्च ऊबदार असलं म्हणजे बेटावर वीज उतू चालली आहे, असं समजायला हरकत नाही.

दुसरी बाजू माणसांची. घराला एका वेळी जास्तीत जास्त 5 किलोवॉट, धंद्याला 10. गरीब-श्रीमंत सगळ्यांना तेवढेच. गीझर, इस्त्री आणि ओव्हन एकदम लावले की जोडणी तुटते. मग देखभालीच्या माणसाला बोलवा आणि त्याचे पैसे भरा. घरात मीटर समोरच दिसतो, त्यामुळे सहसा तशी वेळ येत नाही. मला तर यंत्रापेक्षा हा नियमच जास्त हुशार वाटतो.

पण यंत्रं म्हातारी होतात. पवनचक्क्या बनवणारी प्रोव्हन ही कंपनी 2011 मध्येच बुडाली. बॅटऱ्यांचं आयुष्य मोजकं असतं. पाऊस आणि वारा दोन्ही रुसले की अजूनही डिझेल जनरेटरच धावून येतो. नवी घरं, विजेवरच्या गाड्या, विजेवरची शेगडी आली, तर पाच किलोवॉट पुरणार कसे? मर्यादा वाढवायची तर नवी यंत्रं हवीत, आणि शंभर माणसांच्या बिलांतून किती पैसा उभा राहणार?

हा प्रश्न आपल्याही दारात आहे. पुणे जिल्ह्यातल्या दरेवाडीत ‘ग्रामऊर्जा’ या कंपनीने 2012 मध्ये 39 घरांसाठी सौर मायक्रोग्रिड उभारलं, तेव्हा बिलवसुली गावाच्याच न्यासाकडे दिली. ते शहाणपणाचं होतं. तुमच्या वाडीवर कुणी असं ग्रिड घेऊन आलं, तर उद्घाटनाची तारीख नंतर ठरवा. आधी विचारा, की बॅटरी बदलायचा पैसा दरमहा बिलातून बाजूला पडणार का, आणि तो कुणाच्या खात्यात राहणार.